नागुबाईची टाकी

नागुबाईएवढी पाण्याला चिकट बाई मी बघितली न्हाय. हे मी तिच्या तोंडावर म्हणायचे, तेव्हा इथं म्हणायला काय हरकत न्हाय. आमची वस्ती बोरगावच्या पलीकडं, दूधगंगेच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर. पावसाळ्यात चारी अंगाला पाणी, गूळ आटवायच्या मोठ्या काहिलीत बसून पलीकडं जायचं. एप्रिल लागला की नुसती वाळू. मग वाळूत खड्डा काढायचा, त्याला आम्ही झरा म्हणतो. तळाला पाणी पाझरतं, ते वाटीनं उपसून घागरीत भरायचं, आणि परत पाझरंस्तवर बायकांनी गप्पा मारत बसायचं.

नागुबाई भांडी राखेनं कोरडीच घासायची आणि एकाच घमेल्यात बुडवून काढायची. अंघोळीचं पाणी लिंबाच्या बुंध्याला, तांदळाचं धुवण आमटीत. पाहुण्याला तांब्या न्हाय, पेला, तोबी अर्धा. कुणी आणखी मागितलं तर म्हणायची, "ऊस हाईस व्हय रं तू?"

झऱ्यावर तिचंच राज्य. तिचा एकच कायदा : ज्याच्या घरात घागरभर पाणी शिल्लक, त्यानं झऱ्याला यायचं न्हाय. एकदा शालूबाईच्या जावयानं ट्रॅक्टरवरनं बॅरल आणून दिलं, तरी सवयीनं शालूबाई आली. नागुबाईनं तिला सगळ्यांदेखत माघारी लावलं. शालूबाई लई दिवस बोलली न्हाय. पण कायदा खरा होता, आम्ही सगळ्यांनी पाळला.

नवरा परशराम गेला तशी बाई एकटी पडली. ल्योक नागेंद्र बेळगावात नोकरीला, सून प्रियदर्शनी तिथंच शाळेत शिकवती. एकटीला एक घागर रग्गड झाली. तरी ती झऱ्याला सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या मागनं जायची. नंबर आला की म्हणायची, "तू भर गं आधी, माझी काय घाई न्हाय."

औंदा पाडव्याला नागेंद्र आला तो काळी टाकी घेऊन. खाली तोटी बसवली, कोरड्या नदीतनं टँकर आणून भरून दिली. "आई, आता वाळूत उतरायचं न्हाय. गुडघं बघ तुझं." ल्योक वाईट न्हाय हो. आम्हा बायकांना तर हेवाच वाटला. नशीब काढलं बाईनं, असं मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासनं नागुबाई झऱ्याला आली न्हाय. कायदा तिचाच, मोडणार कशी? दरडीवर येऊन डोळ्यांवर हात धरून बघायची. आम्ही हात केला की तीबी करायची आणि आत जायची.

एका दुपारी मी विरजण मागायला तिच्याकडं गेले. टाकीची तोटी सोडलेली, अंगणात चिखल झालेला, आणि बाई शेजारी पायरीवर बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नागुबाई, डोकं फिरलंय व्हय तुझं? आम्ही तिकडं वाटीवाटीनं उपसतोय, आणि तू चिखल करतीस?"

"संपत न्हाय गं अक्काताई," ती म्हणाली. "एकटीला असं लागतंय किती? महिना झाला, अर्धी टाकी तशीच."

"मग संपवायची घाई कशाला?"

"संपल्याबिगर झऱ्याला यायचं कसं?"

मी तोटी बंद केली. तिनं अडवलं न्हाय.

"नुसतीच ये की," मी म्हटलं. "कोण हाकलतंय तुला?"

"आणि शालूबाईला काय सांगू?" पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. "चार दिस झालं, कुणाशी बोलले न्हाय. काल मांजराला हाक मारली, तर माझा आवाज मलाच निराळा वाटला."

मला रडू आलं. रडू आलं की मला राग येतो. मी तरी रोज तिच्याकडं कशी जाणार? उन्हाळ्यात आमचा अर्धा दिवस झऱ्यावरच जातो. घरी येऊन नागेंद्रला फोन लावला आणि सरळ सांगितलं, "तुझ्या आईला पाणी नको रं, माणूस पायजे. चार दिस येऊन ऱ्हा."

"काकू, सध्या रजाच न्हाय हो. आणि ती इकडं यायला तयार न्हाय, किती वेळा म्हटलं. पाणी संपलंय काय?"

"संपलं न्हाय. अर्धी टाकी हाय अजून."

"मग टँकर लावतो. आईला कमी पडायला नको."

तिनं तोटी सोडली होती, हेबी मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, वय झालं की विसरायला होतंय.

सोमवारी टँकर वाळूतनं वर चढला. आम्ही झऱ्यावरनं बघत होतो. टाकी काठोकाठ भरली, वरनं थोडं सांडलं. ड्रायव्हर पाइप गुंडाळायला लागला, तशी नागुबाई कपबशी घेऊन बाहेर आली.

"बस रं बाबा, च्या केलाय," ती म्हणाली. आवाज आमच्यापर्यंत आला. त्याला अजून दोन फेऱ्या होत्या. तो गाडीत बसला आणि टँकर उतारानं खाली आला. कपबशी घेऊन ती तिथंच टाकीजवळ उभी ऱ्हायली. माझा नंबर आलता. मी वाटी घेऊन झऱ्यात वाकले.