परीक्षा न देता खेळणार

आमच्या नवागामच्या गल्लीत व्हिडिओ गेम आला, तो कतारगामच्या एका शेठच्या पोराला कंटाळा आला म्हणून. त्यात लपवण्यासारखं काही नाही. गल्लीतला एक दादा तिकडे हिरे घासायला जायचा. शेठच्या पोराने नवा सेट घेतला, जुना माळ्यावर टाकला. दादाने मागितला, शेठने दिला. दादाने तो घरी नेला नाही. सरळ विहाराच्या हॉलमध्ये आणून ठेवला, कारण गल्लीतला धड चालणारा रंगीत टीव्ही तिथेच होता आणि तो सगळ्या गल्लीच्या वर्गणीचा होता. सगळ्या गल्लीच्या. हे शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिते आहे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगला घाबरून गावी, खानदेशात पळालेली माणसं परत येऊन स्थिरस्थावर झाली होती. खाती पुन्हा रात्रंदिवस चालू होती. खातं म्हणजे मागाचा कारखाना. सुरतेत आमच्या लोकांच्या तोंडी दुसरा शब्द नाही. विहाराची मागची भिंत आणि शेजारच्या खात्याची भिंत एकच. माग सुरू असले की भिंत थरथरते, भिंतीला लावलेलं टेबल थरथरतं, सेटमध्ये खोचलेली कॅसेट हलते आणि पडद्यावर नुसत्या रंगीत पट्ट्या नाचतात. म्हणून खेळायचं ते फक्त खात्याला रजा असेल त्या दिवशी. आठवड्यातली एक दुपार. त्या दुपारी अख्ख्या गल्लीची पोरं हॉलमध्ये.

पोरं म्हणजे मुलगे. मुली खिडकीत.

खेळ साधा होता. एक बुटका शिपाई उजवीकडे पळत सुटतो. वाटेत खड्डे, काटे, आग ओकणारे किडे. शेवटी किल्ला, आणि किल्ल्यात बांधून ठेवलेली राजकन्या. गर्दी खूप म्हणून पोरांनी नियम केला होता: एक जान गेली की उठायचं, हातातला बटणांचा रिमोट पुढच्याला द्यायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसायचं. कोणी चिकटून बसला की सगळा हॉल एका सुरात ओरडायचा, "मेला की ऊठ!" नियम चांगला होता. अजूनही मी त्याला नावं ठेवणार नाही.

विहाराच्या दाराशी काळा फळा आहे. जयंतीची मीटिंग, कोणाचा जलदानविधी, कोणत्या दिवशी नळाला पाणी नाही, हे सगळं त्यावर. अक्षर चांगलं म्हणून खडू माझ्या हाती होता. पत्रकं लिहायला मी जयंतीच्या समितीतच शिकले. पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत कारण, गोल गोल बोलायचं नाही. तर त्या फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात मी नव्या कॅसेटींबद्दल लिहायला लागले. स्टेशनजवळच्या दुकानातून पोरं नवीन कॅसेट बदलून आणायची आणि मी खिडकीतून बघून माझं मत ठोकायची. पहिलंच मत असं होतं:

"जाहीर निषेध! वेष्टनावर 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ' छापून जनतेच्या हाती सातच खेळ. बाकीचे तेच, शिपायाचा सदरा बदलून!"

लोक थांबून वाचायचे, हसायचे. आमचे सेक्रेटरी काकासुद्धा हसले. काका रेल्वेत होते, विहाराचा सगळा कारभार त्यांच्याकडे. "पोरी, तू तर कंपनीला घाम फोडशील," म्हणाले.

मग मारामारीची कॅसेट आली. सात पहिलवान आणि एक बाई. बाई लाल पट्टा बांधून आलेली, तिची लाथ सगळ्यांत लांब पोचायची. पण एकही पोरगा तिला घ्यायचा नाही. एकाने चुकून घेतली तर बाकीचे, "अरे, बांगड्या भर बांगड्या!" तो बिचारा पुढच्या फेरीपासून एका टकल्या पहिलवानाला घेऊन मार खात बसला. मी फळ्यावर लिहिलं, "हरू, पण बाईला घेऊन जिंकणार नाही, असा या गल्लीतल्या वीरांचा बाणा आहे."

हे झोंबलं. दुसऱ्या दिवशी लांब केसांचा एक पोरगा, खेळात सगळ्यांत पुढे असलेला, मला फळ्यापाशीच गाठून म्हणाला, "ओ ताई, तू खेळली का कधी? न खेळता लय लिहिते."

"खरं आहे. दे मग रिमोट रजेच्या दिवशी."

"मुलींचा नंबर कुठे असतो?"

"कोणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? नसतोच."

बाकी काही म्हणा, त्याचा पहिला मुद्दा बरोबर होता. जी वस्तू कधी हातात घेतली नाही तिच्यावर मी फळाभर लिहीत होते. पण ती हातात का घेतली नाही, हे सांगायला त्याचं दुसरं वाक्य पुरेसं होतं. माझ्या वयाच्या मुली, माझी आठवीतली धाकटी बहीण, कोणालाच त्या रिमोटचं वजन माहीत नव्हतं. आईच्या वर्गणीतून आलेला टीव्ही, आणि आईच्या मुलींनी तो गजाआडून बघायचा.

मी सेक्रेटरी काकांकडे गेले. म्हणाले, "पोरी, तिथे धक्काबुक्की असते. तुम्ही कुठे त्यात?"

"मग धक्काबुक्की बंद करा ना काका. आम्हाला कशाला बंद करता?"

काका वैतागले. मी सोडेना, म्हणून त्यांनी रविवारच्या बैठकीत विषय घेतला. तिथे पोरांनी तोडगा काढला आणि काकांना तो फार पसंत पडला. मुलींनी आधी पहिली स्टेज पार करून दाखवावी. जी पार करेल तिला नंबर. "रजेची दुपार केवढीशी," लांब केसांचा म्हणाला, "फुकट जान घालवायला वेळ कोणाला आहे?"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तर न्यायाचं झालं. घे लिहून फळ्यावर."

मी उभी राहिले आणि विचारलं, "तुमच्यातल्या कोणी दिली ही परीक्षा?"

सेट आला तेव्हाचे दिवस मला चांगले आठवत होते. पहिल्या खड्ड्यात या गल्लीतला प्रत्येक पोरगा पडला होता. पुन्हा पुन्हा पडला होता. सगळा हॉल हसायचा, पडणाराही हसायचा, रांगेत मागे जाऊन बसायचा. पडत पडतच शिकले ना सगळे? मुलगा पडला तर ती गंमत, आणि मुलगी पडली तर तो पुरावा? मी बैठकीत म्हणाले, "आम्हाला जिंकायचा हक्क नको आहे. तो तुमच्याकडेच ठेवा. आम्हाला तुमच्यासारखं खड्ड्यात पडायचा हक्क पाहिजे. परीक्षा देणार नाही."

पोरं खो खो हसली. हसू दे.

फळ्यावर मी लिहिलं: "खात्याच्या रजेला व्हिडिओ गेम. ज्याला किंवा जिला खेळायचं आहे त्याने किंवा तिने रांगेत बसावं. एक जान, एक नंबर. परीक्षा नाही." काकांनी संध्याकाळी ते रुमालाने पुसलं आणि खडूचा डबा घरी नेला. जाताना म्हणाले, "फळा समितीचा आहे, तुझा नाही." बरोबर. टीव्ही मात्र समितीचा नव्हता, सगळ्या गल्लीचा होता, पण ते कोणी पुसायला गेलं नाही.

घरी वेगळंच रामायण. धाकटी माझ्यावर भडकली होती. ती महिनोन्महिने खिडकीत उभी राहून बघत आलेली. कोणता खड्डा कुठे, कुठे थांबायचं, सगळं तिला पाठ. कंपासपेटी रिमोटसारखी धरून ती अंगठे चालवायची.

"मी पास झाले असते, ताई."

"झाली असतीस."

"मग?"

"तुझ्या मागच्या मुलींचं काय?"

"माझ्यामागे कोण आहे मला काय माहीत! तुला भाषण पाहिजे, मला गेम पाहिजे."

आई कोपऱ्यात साड्यांचे धागे कापत बसली होती. आमच्याकडे घरोघरी हे काम. साडी कारखान्यातून येते, उलट्या बाजूचे लोंबते धागे कापून परत द्यायची. मान वर न करता ती म्हणाली, "हाई काय शे तुमचं? एका खेळण्यासाठी बहिणी बहिणी भांडी ऱ्हायन्यात."

धाकटी माझ्याशी बोलायची बंद झाली. तरी मी म्हणेन, परीक्षा घेणाऱ्याच्या अटीवर एकदा आत गेलं की अट कायमची होते. पास होणारी एक आत जाते, आणि तिच्याकडे बोट दाखवून बाकीच्या शंभरजणींना बाहेर ठेवता येतं. हे मी फक्त गेमबद्दल बोलत नाही, पण तूर्त गेमबद्दलच बोलू.

पुढच्या रजेच्या दिवशी माग थांबले आणि गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी वाटली. पोरं जेवत होती. आम्ही मुली आधीच जाऊन हॉलमध्ये जमिनीवर रांगेत बसलो. घोषणा नाही, फलक नाही. धाकटीही आली. माझ्याशी न बोलता माझ्या पुढे जाऊन बसली.

पोरं आली ती दारातच थबकली. "ओ ताई, उठा ना यार. चालो, चालो, जगा करो."

"मागे भरपूर जागा आहे. बसा."

लांब केसांचा आमच्यावरून उडी मारून सरळ टीव्हीपाशी गेला. कॅसेटमध्ये फुंकर मारली, सेट चालू केला आणि रिमोट घेऊन बसला. बाकीची पोरं आमच्या मागे उभी राहिली, मग दमून बसली. म्हणजे रांग झाली. पहिला तो, मग आम्ही, मग ती.

तो छान खेळायचा, खोटं कशाला बोलू? दोन स्टेज त्याने सफाईने काढल्या. तिसरीत एका किड्याने त्याला गाठलं. जान गेली. त्याच्या मागे माझी बहीण बसलेली. त्याने रिमोट मांडीखाली सरकवला आणि पडद्याकडे बघत बसला.

मी ओरडणार होते, पण त्याआधीच मागून आवाज आला. पोरांचाच. त्यांना त्यांचा नंबर पाहिजे होता, दुपार सरत होती, आणि सवयही होती.

"मेला की ऊठ!"

त्याने वळून बघितलं. "अरे, पण पुढे मुली—"

"ऊठ ना भाई! टाइम जातोय! मेला की ऊठ!"

तो उठला. रिमोट जमिनीवरच ठेवला, हातात दिला नाही. चालेल. धाकटीने उचलला.

आणि पहिल्याच खड्ड्यात पडली.

जिला सगळं पाठ होतं ती. नंतर तिने सांगितलं, की कंपासपेटीला बटणं नसतात, बटण दाबलं की परत वर येतं हे तिला माहीतच नव्हतं. मागून हशा उठला. ती लाल झाली, उठली, माझ्याकडे रिमोट देताना पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि एवढंच म्हणाली, "जोरात दाबू नको."

मी जोरातच दाबलं. मीही त्याच खड्ड्यात. माझ्यामागची त्याच्याही आधी, एका किड्याला धडकून. हॉल नुसता खिदळत होता. पण सगळ्यांना एकसारखं हसत होता, आम्हालाही आमचं हसू येत होतं, आणि परीक्षेचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

रांग पूर्ण फिरली, लांब केसांचा पुन्हा मेला आणि शेवटी जाऊन बसला, तेवढ्यात आई आली. आम्हाला घरी न्यायला. साड्यांचा गठ्ठा तसाच पडला होता. दारात काकाही येऊन उभे राहिले होते. आईमुळे दारातली वाट अडत होती म्हणून ती आत आली आणि रांगेतल्या मोकळ्या जागेत टेकली, पाय दुखतात म्हणून. जागा नेमकी पुढची होती. कोणीतरी सवयीने तिच्या हातात रिमोट दिला.

"माले कशाले?"

"नंबर आला मावशी," मागचा एक पोरगा म्हणाला.

आईने रिमोट हातात धरला, धागे कापायची कात्री धरते तसा, एका हातात. शिपाई थोडं चालला आणि खड्ड्यात गेला.

"मरी गया का तो?"

"मेला," मी म्हणाले.

"मंग?"

"मग ऊठ आणि मागे जाऊन बस."

मला वाटलं, आता घरी चला म्हणेल. ती उठली, पदर सावरला, सगळ्या रांगेला वळसा घालून शेवटी गेली आणि तिथल्या लांब केसांच्या पोराला म्हणाली, "सरक रे भाऊ, मना नंबर तुना मांगे शे."

तो सरकला.

काकांनी खडूचा डबा काही परत आणला नाही. मी मागितलाही नाही. साडीला फॉल लावताना आई खुणेसाठी निळा खडू वापरते, तो घेतला आणि दुसऱ्या दिवशी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं:

"खेळून लिहिते आहे. पहिल्या खड्ड्यात पडले. आई पडली, बहीण पडली, खेळ चांगला आहे. पुढच्या रजेला पुन्हा पडू. किल्ल्यापर्यंत आमच्यातलं अजून कोणी पोचलेलं नाही. राजकन्येने आमची वाट बघत बसू नये, तोवर स्वतःच्या गाठी स्वतः सोडायला घ्याव्यात."