मल्लाप्पाच्या वहीतली सात गिऱ्हाइकं

बसा. चहा टाकलाय, तो येईपर्यंत एक ऐका. फजिती माझी आहे. म्हणजे लाजायचं मी आणि हसायचं तुम्ही, एवढी वाटणी आधीच करून ठेवतो.

निपाणीत माझं मिरचीचं दुकान. शाळा आठवीत सोडली, आणि खरं सांगायचं तर शाळेनंही मला अडवलं नाही. पुढचं सगळं शिक्षण पोत्यांवर बसून झालं. पोत्यात हात घातला की ब्याडगी कुठल्या शिवारातली, संकेश्वरी पहिल्या तोड्याची की दुसऱ्या, हे डोळे मिटून सांगतो. बाजारात भावावरून दोघांची जुंपली की तिसरा म्हणतो, "आण्णाला विचारा." तो आण्णा मीच. असा माणूस भावातच मार खाईल, पटतं का तुम्हाला? मलाही पटलं नसतं.

चार वर्षांपूर्वी बेळगावच्या आमच्या अकौंटंट साहेबांनी डोक्यात एक किडा सोडला. म्हणाले, गाडी विकत घेऊ नका, लीजवर घ्या. गाडी कंपनीची, आपण फक्त दरमहा भाडं भरायचं, ते दुकानाच्या खर्चात जातं. चार वर्षं झाली की दोन वाटा. एक तर किल्ली परत देऊन हात झाडायचे, नाहीतर कागदावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेली रक्कम भरायची आणि गाडी आपली. आमच्या कागदावर रक्कम होती सहा लाख.

आली की गाडी. पांढरीशुभ्र, उंच, ऑटोमॅटिक. माझा डावा पाय पहिला महिनाभर नुसता क्लच शोधत होता. पुढं पायाची समजूत पटली आणि चार वर्षं कशी गेली कळलं नाही. एक दिवस कंपनीचा निरोप आला, महिनाअखेरपर्यंत कळवा, ठेवताय की देताय.

घरात मंडळींनी एका दमात निकाल दिला.

"देऊन टाका. सोसायटीतलं सहा लाख सैपाकघराचं हाईत. त्यास्नी हात लावायचा न्हाय."

बरोबरच होतं तिचं. ओट्याचा कडप्पा मधोमध तडकलेला, खाली वीट लावून उभा केलेला. 'या दिवाळीला नवं सैपाकघर' असं म्हणता म्हणता सहा दिवाळ्या झाल्या होत्या. त्याच सैपाकघरासाठी सोसायटीत ठेव ठेवलेली.

पण मी पडलो व्यापारी. 'सहा लाखाला घेतोस का?' असं कुणी विचारलं की आम्हाला 'वस्तू पाहिजे का' हा प्रश्न पडतच नाही. 'बाजारात कितीला जाईल' हा पडतो. बाजारात सातला जात असेल तर? सहाला घ्यायची, सातला द्यायची. लाखभर वर, आणि सैपाकघराला चिमणीसुद्धा बसवायची. पाचला जात असेल तर किल्ली कंपनीच्या टेबलावर. मला फक्त खरा बाजारभाव कळायला हवा होता.

आणि खरा भाव काढायची आम्हा मिरचीवाल्यांची एक रीत आहे. आपला माल विकायचा असला तरी 'विकायचाय' म्हणून विचारायचं नाही. तसं विचारलं की समोरचा निम्मा भाव सांगतो. घेणारा होऊन विचारायचं. आणि एका तोंडाला मिळालेला भाव खरा धरायचा नाही. तीन दिवस सोडून तीन वेगळी तोंडं लावायची, मग काय ते समजायचं. तीस वर्षांत या रीतीनं मला कधी दगा दिला नव्हता.

जुन्या गाड्यांत आमच्याकडं मोठं नाव मल्लाप्पाचं. बेळगावात हायवेला लागून त्याचं आवार. आमच्या भागाची गंमत तुम्हाला ठाऊकच आहे, सोयरे कोल्हापुरात आणि रेशनकार्ड कर्नाटकात. पण गाडीला सोयरीक चालत नाही. केए पासिंगची गाडी कोल्हापूरचा माणूस घेत नाही, त्याला तिकडचा टॅक्स परत भरावा लागतो. म्हणजे माझ्या गाडीचा बाजार निपाणी ते बेळगाव एवढाच. त्यात चार दलाल, आणि चौघंही दिवसभर एकमेकांना फोन करणारे.

पहिलं तोंड लावलं पिराजीचं. माझ्या दुकानासमोर त्याचं हार्डवेअर, चड्डीत असल्यापासूनचा दोस्त. त्यानं 'संकेश्वरचे पाटील' होऊन मल्लाप्पाला फोन केला. अशी अशी गाडी पाहिजे, पांढरी, उंच, ऑटोमॅटिक, केए पासिंग. मल्लाप्पा म्हणाला, आत्ता हाताशी नाही, पण आली तर पाच सत्तर.

पाच लाख सत्तर हजार. म्हणजे सहाला घेणं तोट्यात. विषय संपला. इथं थांबलो असतो तर आज हा चहा नव्या ओट्यावर झाला असता.

पण रीत म्हणजे रीत. चार दिवसांनी दुसरं तोंड, बसगोंडा. चिकोडीचा माझा आडत्या, कन्नड असं बोलतो की समोरचा नुसता हौदु हौदु, म्हणजे हो हो, करत राहतो. तो झाला 'यमकनमर्डीचा ठेकेदार'. त्याला भाव मिळाला सहा दहा. वर मल्लाप्पा म्हणाला, "मागणी हाय री. परवाच संकेश्वरचं एक पाटील विचारत हुतं."

हे वाक्य बसगोंडानं मला जसंच्या तसं सांगितलं. आणि मी काय करावं? मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "बघ, मागणी हाय!"

तुम्ही हसताय. तेव्हा तिथं हसायला कुणी नव्हतं. चार दिवसांत चाळीस हजारांची चढ. एवढी तर दुष्काळात मिरचीलाही बघितली नव्हती.

मग मात्र मला चैन पडेना. बसगोंडाला म्हटलं, संकेश्वरच्या दलालालाही विचार. त्यानं ठेकेदार होऊन विचारलं. पिराजीला म्हटलं, आता तू आवाज बदल, निपाणीच्या दलालाला विचार आणि मल्लाप्पालाही परत विचार. पिराजीकडं दोन फोन, एक घरचा, एक दुकानाचा. पाटील घरच्या फोनवरून बोलले होते, म्हणून या वेळी दुकानाच्या फोनवरून 'निपाणीचे डॉक्टर' बोलले. डॉक्टर म्हटल्यावर मल्लाप्पानं भाव बाजूला ठेवून गुडघा काढला. उठताना कटकट वाजतो म्हणाला. पिराजी शेवटी बिजागऱ्या विकणारा माणूस. "सांध्याला सकाळ-संध्याकाळ तेल सोडा," म्हणाला. आठ दिवसांनी मल्लाप्पाचाच उलटा फोन, डॉक्टरसाहेब, गुण आला. आणि गाडी आता सहा साठच्या खाली नाही, पाच-सहा पार्ट्या मागं लागल्यात.

पाच-सहा पार्ट्या! मी रात्री जेवताना मंडळींना सांगितलं, थांब जरा, भाव चढतोय.

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "चढवतंय कोण, इचारलासा काय?"

बायकांना बाजारातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. मनातच म्हणालो, तेवढी अक्कल शाबूत होती.

मुदत संपायला दोन दिवस उरले. पिराजी आणि बसगोंडा आता टाळायला लागले होते. त्यांनाही दुकानं आहेत. म्हटलं, शेवटची खात्री आपणच करावी. 'हुक्केरीचा हेडमास्तर बोलतोय,' म्हणून मीच मल्लाप्पाला फोन लावला. आवाज घोगरा काढला. मिरचीवाल्याला त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत.

"सात, मास्तर," मल्लाप्पा म्हणाला. "एक रुपाया कमी न्हाय."

आता खरा घेणारा असता तर साडेसहा म्हणाला असता. पण मला बाजाराची खोली मोजायची होती. जास्त पैसे दाखवले तर कुठून तरी माल निघतो का बघू, म्हणून मी म्हणालो, "सव्वासात देतो. उद्या गाडी दाखवा."

पलीकडं मोठा सुस्कारा. "मास्तर, तुमी साडेसात द्या. गाडी आणू कुठनं? सगळ्या बाजारात एक न्हाय. समदी आपली इचारायलाच लागल्यात."

तरी सावध माणूस मी. खात्रीला म्हणून चिकोडीच्या दलालालाही मास्तर होऊनच फोन केला. त्यानंही तेच सांगितलं, माल नाही आणि गिऱ्हाइकांची रांग.

आता मला सांगा, मागणी एवढी, माल एकही नाही, आणि ती एकुलती एक गाडी माझ्या दारात चिंचेच्या सावलीला उभी. शेंबड्या पोरानंही काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी सोसायटीत गेलो, ठेव मोडली आणि कंपनीला सहा लाख भरून टाकले. संध्याकाळी घरी सांगितलं, चार दिवसांत सव्वासात करून देतो, ओट्याचा ग्रॅनाइट पसंत करून ठेव. मंडळींनी नुसती ओट्याखालची वीट पायानं सरळ केली.

लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुतली, पुसली, हार घातला आणि बेळगाव गाठलं. पिराजी आणि बसगोंडाही बरोबर. बेत असा की गाडी विकायची, तिघांनी मटण खायचं आणि येताना एसटीनं यायचं. वाटभर पिराजी पाटलाच्या आवाजात बोलत होता आणि आम्ही खिदळत होतो.

मल्लाप्पाला मी माझं खरं नाव-गाव सांगितलं. हे दोघं दोस्त म्हणून खुर्च्यांवर बसले. मल्लाप्पानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली, हार जरा बाजूला करून बॉनेट बघितलं आणि म्हणाला, "पाच वीस."

मी हसलो. "मल्लाप्पा, मी बाजारातला माणूस हाय. सात चाललंय."

"ते इकताना, मालक. आणि गिऱ्हाईक खरं असल तर. आठ दिस झालं, एकानं बी इसाराचा रुपाया दिल्याला न्हाय. समदी भाव इचारत्यात आणि फोन ठेवत्यात."

"किती हाईत अशी गिऱ्हाइकं?"

त्यानं वही उघडली. "सात."

मी मनात भराभर वजाबाकी केली. पाटील, ठेकेदार, डॉक्टर, मास्तर, ही चार आपली. राहिली तीन. गाडी एक आणि गिऱ्हाइकं तीन, आणखी काय पाहिजे? छाती पुढं काढून म्हणालो, "मग लावा की फोन. माझ्यासमोर लावा."

नको ते बोललो.

त्यानं पहिला नंबर लावला, संकेश्वरचे पाटील. पिराजीच्या डाव्या खिशात फोन वाजला. त्यानं डास मारावा तशी खिशावर थाप मारून तो बंद केला आणि म्हणाला, "घरचा हाय."

"पाटील कामात दिसत्यात," मल्लाप्पा म्हणाला आणि ठेकेदाराला फोन लावला. बसगोंडा बशीत चहा ओतत होता. छातीवरच्या खिशात फोन थरथरायला लागला तसा चहा बशीतून धोतरावर आला आणि बसगोंडा आवाराबाहेर पळाला.

मल्लाप्पानं डॉक्टरांचा नंबर लावला. पिराजीच्या उजव्या खिशात वाजला. मल्लाप्पानं पिराजीकडं बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडं बघितलं, मग परत पिराजीकडं.

तरी माझा धीर सुटला नव्हता. तीन बाकी होती ना! ते तिघं निघाले निपाणी, संकेश्वर आणि चिकोडीचे दलाल. मल्लाप्पानं एकेकाला विचारलं, तुमची पार्टी कोण? निपाणीचा म्हणाला, एक डॉक्टर आहेत. संकेश्वरचा म्हणाला, यमकनमर्डीचा ठेकेदार. चिकोडीचा तर लई खुशीत होता. म्हणाला, "माझी पार्टी पक्की हाय. हुक्केरीचं हेडमास्तर."

मिरचीच्या बाजारात याला खोटी तेजी म्हणतात. लबाड व्यापारी ती दुसऱ्याला बुडवायला करतो. मी स्वतःच केली, स्वतःच तिला भुललो आणि स्वतःच्याच गाडीवर स्वतःच बोली वाढवत बसलो. तीस वर्षांत एवढं भोळं गिऱ्हाईक मलाही सापडलं नव्हतं.

"एकच राह्यलं," मल्लाप्पा वहीवर बोट ठेवून म्हणाला. "मास्तर."

"त्यांना राहू द्या हो," मी म्हणालो, "शाळेची वेळ आहे."

पण त्यानं बटण दाबलं होतं. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. एकदा वाजला, दोनदा वाजला. मल्लाप्पा फोन कानाला लावून माझ्याकडं शांतपणे बघत होता, बंद काही करत नव्हता. पिराजी हाराची फुलं मोजत होता. आणि तीस वर्षांची सवय वाईट बघा, दुकानदाराला वाजता फोन सोडवत नाही. मी उचलला.

माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून मल्लाप्पा फोनात म्हणाला, "मास्तर, तुमच्या मनासारखी गाडी दारात आलीया. घेनार काय?"

"घेतली की हो," मी म्हणालो, "कालच."