आई बोलेना तेव्हा

वडील गेल्यावर चौथ्या महिन्यात आईने बोलणं टाकलं. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरात लगेच विचारविनिमय झाला, म्हणजे काका बोलले. बायकोला चष्मा लागलाय हे ज्या माणसाला वर्षभर कळलं नव्हतं, तो वहिनीच्या मनाचं निदान करत होता. "बाहेरचं लागलंय. वांगणीकडे एक भगत आहे."

मी समुपदेशकाचा विषय काढला.

"आपल्या घरात येडं कोण नाय. लोकांना कळलं तर तुझं लग्न जमेल?"

मी तिला उल्हासनगरला नेलंच. तिथल्या पोरसवदा समुपदेशकाने मला बाहेर बसवलं. पार्टिशन इतकं पातळ की सगळं ऐकू येत होतं. "आंटी, एक से दस में, दुख कितना है?" परीक्षेचे मार्क विचारावेत तसं. आई उठून बाहेर आली. मग त्याने मला शिकवलं, "इनको अपने लिए जीना सीखना पड़ेगा. थोड़े दिन फॅमिली से दूर रखिए." जन्मात एकटीने चहा न प्यायलेल्या बाईला हा एकांत लिहून देत होता! पुस्तक पाठ होतं, समोरचं माणूस दिसत नव्हतं.

मग दुसऱ्या समुपदेशक गाठल्या. अंबरनाथच्या या बाई वयस्कर होत्या. आईसोबत मावशी आली होती. बाईंनी तिला बाहेर घालवलं नाही. उलट तिलाच विचारलं, "यांना राग आला तर या काय करतात?"

"राग? दिरासमोर ती तोंड उघडत नाय."

"मग मला नको, तुम्हालाच सांगू देत. मी नुसती बसते."

तिसऱ्या खेपेला आई मावशीकडे बघून बोलली, "चिखलोलीची जागा इकली. बाराव्याला कागद पुढे केला, भावजी बोलले सही कर. मी केली."

तिने हाताने लावणी केलेली ती जमीन. आणि त्या दिवशी कागद न वाचताच पेन मी शोधून दिलं होतं. शिकलेली मुलगी! काकांचा राग येण्याआधी मला स्वतःचीच शिसारी आली.

घरी काका येऊन बसले होते. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "भावजी, कागद दाखवा."

"बघा, डोकं फिरलंय," काका माझ्याकडे बघून म्हणाले. कागद काही निघाले नाहीत.

आता आई आणि मावशी जमिनीच्या दाव्यासाठी वकिलाकडे जातात. निकाल कधी लागेल ठाऊक नाही. काकांनी आमच्याकडे यायचं सोडलंय, आणि घरात कुणालाही त्याचं काडीचं दुःख नाही.