सारवणावरची पावले

“ऐकलेलं राहू द्या. पाहिलं कुणी?”

असे म्हणून बाई चष्मा कपाळावर चढवीत आणि समोरच्याकडे रोखून पाहत. वस्तुतः चष्म्याविना त्यांना समोरचा माणूस धूसरच दिसे. परंतु त्याला ते ठाऊक नसे, आणि तो गडबडून खरे बोलून जाई.

साठ सालानंतरची ती वर्षे. बाई लोणावळ्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवीत. एकटा जीव, त्यात दम्याचा विकार. वडगावच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहीत असे, तेथे त्या प्रथम आल्या त्या बदलीच्या अर्जासाठी. त्यांची आई कोकणात अंथरुणाला खिळली होती. माझी लेखणी ‘मेहेरबानांनी कृपावंत होऊन’ इथवर आली, तोच उर्सेकडील एक वजनदार शेतकरी, ज्यांना सारे आबा म्हणत, चार माणसांसह पुढ्यात येऊन बसले.

“भाऊ, आमचा अर्ज आदी घ्या. आवसंच्या आत त्या हौशीला डोंगरावरनं हलवा म्हनावं.”

हौशी ही त्यांच्या गावावरच्या ठाकरवाडीतली तरुण विधवा. तिचे लहानगे पोर तापाने गेले, ते झोपडीमागेच पुरले होते. आता सकाळी त्या जागेभोवती लहान मुलाची पावले दिसू लागली होती. हिनेच चेटूक करून पोर उठविले, असा गावाचा निष्कर्ष झाला. सरकारने हलविले नाही, तर अवसेला खड्डा उकरायचा आणि हिला हाकलायचे, असे ठरले होते.

“पावलं पाहिली कुणी?” बाईंनी विचारले.

“आख्ख्या गावानं!”

“तुम्ही?”

“मी कशाला मरायला जातोय तितं?”

बाईंनी स्वतःचा अर्ज तसाच ठेवला आणि शाळेत रजा टाकली. माझ्या हातून खोटा मजकूर सरकारदरबारी जाऊ नये म्हणून मीही सोबत गेलो.

वाचकहो, शास्त्र म्हणजे काचेच्या नळ्या, असा माझा समज होता. बाईंनी गावातल्या एकेकाला बाजूस घेतले आणि मातीत काटकीने ते पाऊल काढावयास सांगितले. एकाने चार बोटे काढली, एका म्हातारीने सहा. एकाने तर टाच पुढे काढली.

“यातले निम्मे वाडीवर गेलेलेच नाहीत,” बाई मला हळूच म्हणाल्या.

वाडीवर चढून गेलो, तर खरे पाऊल मात्र कोठेच नव्हते. वाडीतल्या बाया उजाडताच सारे झाडून सारवीत. राहिलेले बघ्यांच्या पायांखाली जाई. बाई त्या ओल्या सारवणाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

“हेच सकाळऐवजी संध्याकाळी केलं तर?”

“दिवं लागल्यावं सारवान?” वाडीतली एक म्हातारी कडाडली. “लक्षुमी जाईल की, बाई!”

“हितं हाय कुटं ती, जायाला?” हौशी म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा प्रथम ऐकला.

अखेर दिव्यांच्या आधी, ऊन कलताच सारवायचे ठरले. बाईंनी पदर खोचला आणि हौशीबरोबर खड्ड्याभोवती शेणाचा गुळगुळीत पट्टा ओढला. त्यांना धाप लागली होती. आम्ही मुक्कामाला उर्सेच्या देवळात उतरलो.

पहिल्या सकाळी पट्ट्यावर केवळ कुत्र्याचे पंजे होते. त्या दिवशी बाई म्हणाल्या, “उद्या अवस. काहीच उमटलं नाही तर? मीच तिला आशा लावली हो.”

अवसेच्या सकाळी आम्ही चढून गेलो, तेव्हा आबांची माणसे पहारी घेऊन आधीच उभी होती. हौशी खड्ड्यावर पालथी पडली होती.

आणि पट्ट्यावर पावले होती. तळवा अगदी लहान लेकराचा. पहारीवाले पुढे सरसावले.

“थांबा!” बाई कडेला गुडघ्यांवर बसल्या. “बोटांपुढे ही टोकं बघा. नखं आहेत. लेकराची अशी असतात? आणि मागे हे ओरखडे, खराटा ओढत नेल्यासारखे.” सारवणात रुतलेला काळा-पांढरा काटा त्यांनी उपसला आणि आबांच्या हाती दिला.

“साळिंदर,” आबा पुटपुटले.

मग मागून आवाज आला, “मंग बीळ हुडका की! लय ग्वाड लागतंय.”

पहाटे जे भूत होते, त्याचे न्याहारीपूर्वी कालवण ठरले. मंडळी हसत ओढ्याकडे उतरली.

हौशी मात्र हसली नाही. “मंजी… त्यो आलाच न्हाई?”

आम्हा दोघांनाही बोध होईना. तिने झोपडीच्या कुडाआडची रिकामी वाटी दाखविली. “उकडल्यालं रताळं ठिवायची. सकाळी नसायचं. मला वाटलं, खातोय.”

बाई म्हणाल्या, “नाही गं. तो नाही आला.”

“आता खड्डा तर उकरनार न्हाईत?”

“नाही.”

“मंग निजू द्या त्याला.”

हौशीने शेणाची पाटी ओढली आणि ती पावले पुसून सारवू लागली. बाईंनीही तिच्याशेजारी बसून शेणात हात घातले.

वाट उतरताना त्यांनी मला एवढेच विचारले, “गावाला सांगणं भाग होतं. पण तिला?”

बाईंची बदली पुढे मंजूर झाली आणि त्या कोकणात गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या परतीच्या एस.टी.तल्या: शेजारच्या बाया नाकाला पदर लावून सरकत आहेत, आणि बाई कोपरापर्यंत वाळलेल्या शेणाचे दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून खिडकीबाहेर पाहत आहेत.