पाल का पडली

आत्याच्या डोक्यावर पाल पडली ती सोमवारी सकाळी, पोहे परतताना. बुधवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डावा डोळा काचबिंदूने कित्येक वर्षांपूर्वीच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. आता लांबवू नका, असं धारच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी देवासला जीवशास्त्र शिकवतो. ऑपरेशन तिथेच, माझ्या घराजवळच्या दवाखान्यात ठरवलं होतं आणि तिला न्यायला मी चार दिवस आधीच धारला येऊन बसलो होतो. तारीख मी घेतली, तपासण्या मी धारलाच करवल्या, आणि ती परत येईल तेव्हा घर स्वच्छ असावं म्हणून तिच्या स्वयंपाकघराला घाईघाईने चुनाही मीच मारून घेतला होता. थोडक्यात, सगळं माझ्या हातात होतं.

आत्या ओरडली नाही. तिने गॅस बंद केला, नेसत्या साडीनिशी डोक्यावरून पाणी घेतलं, देवापुढे तुपाचं निरांजन लावलं आणि पंचांग माझ्या हातात दिलं.

"वाच. मला अक्षरं दिसत नाहीत."

पंचांगात पाल अंगावर पडल्याचं कोष्टक असतं. एकीकडे शरीराचा भाग, समोर त्याचं फळ. माझं शिक्षण सगळं हिंदीतून, मराठी मी अडखळत वाचतो, पण हे कोष्टक अगदी सोपं होतं. 'मस्तक'पुढे 'मरण' असं छापलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं आणि वर हसलो. 'लाभ' म्हणून वाचलं असतं तरी तिला कळलं नसतं. पण ज्यावर आपला विश्वासच नाही त्यासाठी खोटं कशाला बोलायचं, असा माझा बाणा.

"मग नाही येत मी," आत्या म्हणाली. "कॅन्सल कर."

मला राग आला. राग आला की मी शिकवायला लागतो, हे माझ्या वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. मी आत्याला खुर्चीवर बसवलं आणि सुरू झालो. पालीच्या पायाला चिकट असं काही नसतं. बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात, पट्ट्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस, आणि प्रत्येक केसाचं टोक पुन्हा बारीक फाटलेलं. ती टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की भिंत आणि केस एकमेकांना ओढून धरतात. म्हणून तिला काचही चालते आणि छतही चालतं. पाय सोडवायचा झाला की ती बोटं टोकाकडून उलटी वळवते, आणि हे इतकं भराभर करते की आपल्याला नुसती धावताना दिसते. तिला पापण्या नसतात, म्हणून ती जिभेने डोळे पुसते. शेपूट तुटलं तर नवं उगवतं. इतकंच काय, पाल मेली तरी तिच्या पायांची पकड लगेच सुटत नाही.

आत्याने सगळं मन लावून ऐकलं. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे ती अशी सहजासहजी पडत नाही?"

"नाहीच."

"एका पायावर लटकेल?"

"आरामात."

"आणि मेली तरी चिकटून राहते."

"हो ना!"

"मग जी मेल्यावर पडत नाही, ती जिवंतपणी, नेमकी आजच, नेमकी माझ्याच डोक्यावर का पडली रे?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न वर्गात कुणी विचारलेला नाही. आत्या उठली आणि भरलेल्या बॅगेतून बाग गावच्या ठशांच्या छापाच्या दोन साड्या काढून पुन्हा कपाटात ठेवायला लागली.

पाल का पडली हे आता मला शोधून काढणं भाग होतं. आत्यासाठी तर होतंच, पण माझ्या इभ्रतीचाही प्रश्न होता. मी स्टुलावर चढलो आणि गॅसच्या वरच्या भिंतीवर बोट फिरवलं. बोट पांढरंफटक झालं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. चुना भिंतीला धरलाच नव्हता, नुसता बसला होता. मी शेजारच्या तिरला गावच्या रंगाऱ्याला फोन लावला आणि चुना धरावा म्हणून त्यात गोंद किती घातला होता ते विचारलं.

"गोंद? गोंद कां मिलाया भिया!" तो म्हणाला. "आपने ही तो बोला था के दो दिन में निपटा दो. गोंद भिगोने का टैम किधर था?"

खरं होतं. मीच बोललो होतो.

पाल मिसळणाच्या डब्यामागे दडली होती. तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला, खाली पुठ्ठा सरकवला आणि तिला खिडकीच्या काचेवर सोडलं. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी दिसत होती बिचारी. पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदाही घसरली. मग चार-सहा पावलं टाकली तशी बोटांखालची भुकटी काचेवर ठिपक्याठिपक्यांनी उतरली, पाय धरायला लागले आणि ती सरसर वर गेली. पालीचे पाय चालता चालताच साफ होतात, हे मी नुसतं वाचलं होतं. मीही ते पहिल्यांदाच बघत होतो. आनंदाने मी आत्याला हाक मारली. तिने उजवा डोळा काचेला जवळजवळ टेकवून ते ठिपके पाहिले.

"पाल माझ्यामुळे पडली, आत्या," मी म्हणालो. "गोंद नव्हता, म्हणून तिच्या पायांखालचा चुना सुटला. पंचांगाचा काही संबंध नाही."

आत्या पदर तोंडाला लावून हसली. पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "पटलं. पण तरी मी येत नाही."

"आता काय राहिलं?"

"पाल जाऊ दे रे. डावा डोळा जायच्या आधी मी तुला सांगितलं होतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणून. काय म्हणाला होतास?"

मला आठवेना.

"'काही होत नाही आत्या, चष्म्याचा नंबर वाढला असेल.' तू शिकलेला, मी ऐकलं. आता सहा महिने झाले, पुन्हा तेच चाललंय. काही होत नाही, काही होत नाही. तू असं म्हटलंस की मला तो डावा डोळाच आठवतो."

मला लाज वाटली. इतकी की तिच्याकडे बघवेना. मी ते पार विसरून गेलो होतो. ती इतकी वर्षं एका डोळ्याने माझ्यासाठी पोहे करत होती आणि तिने एकदाही शब्द काढला नव्हता.

"हा डोळा नक्की नीट होईल?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणतात, बहुतेक होईल. ऑपरेशन नाही केलं तर आहे तेवढंही दिसायचं बंद होईल. एवढंच मला खात्रीने सांगता येतं."

आत्या उठून कपाटाकडे गेली. मग तिने साड्या परत बॅगेत भरल्या. "हे असं आधीच सांगायचं. आणि ऐक, तिथे डॉक्टरशी मी बोलेन. तू मध्ये बोलू नकोस."

ऑपरेशन छान झालं, हे आत्ताच सांगून टाकतो. आता ती सुईत दोरा स्वतः ओवते. पण मला आठवते ती बुधवारची सकाळ. देवासचे डॉक्टर तिला पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी आधी डाव्या डोळ्यात दिवा टाकला आणि मान हलवली.

"ये तो धीरे-धीरे गई होगी, माताजी. तब किसी को बताया नहीं था?"

आत्याने क्षणभरही विचार केला नाही. "नहीं डॉक्टर साहब. मैंने ही ध्यान नहीं दिया."

"मुझे बताया था," मी म्हणालो. "मैंने कहा था, कुछ नहीं होता."

डॉक्टरांनी दिवा बंद करून माझ्याकडे पाहिलं. आत्या माझ्यावर भडकली.

"मध्ये बोलू नकोस म्हटलं होतं ना तुला?"