थांब, सांगते

अलकाला जाऊन महिना होत आला. तिच्या वहिनीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ऐकलं आणि मनात पहिलं हेच आलं, की आता ती काय सांगत होती ते मला कधीच कळणार नाही…

नाशिक रोडला, नोटांच्या प्रेसच्या कॉलनीत आम्ही शेजारी वाढलो. ती कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागली आणि बघता बघता इराणच्या मागे लागली. तिथलं राजकारण, तिथल्या बायका, विद्यार्थी. पुण्याला एका सरांकडे फारसी शिकली, संशोधनासाठी तेहरानला राहून आली. येताना काळ्या चहाचं खूळ घेऊन आली. खडीसाखर दातात धरायची आणि वरून घोट. तिची आई वैतागायची, "का गं, घरातलं दूध नासलंय का?" इराकचं युद्ध पेटलं तेव्हा एका मंडळाने तिला भाषणाला बोलावलं. "अहो, इराक वेगळं, इराण वेगळं!" ती सांगून थकली. मंडळी म्हणाली, "चालतंय हो मॅडम, शेजारीच आहे की!"

संध्याकाळी ती रेडिओवर तेहरानच्या फारसी बातम्या लावायची. मी मध्ये तोंड उघडलं की तिचा हात वर. "थांब, सांगते." आणि बातम्या संपल्या की खरंच सांगायची. मतदानाला बायकांनी कशा रांगा लावल्या, कुठलं वर्तमानपत्र बंद पाडलं… सगळं इगतपुरीला घडल्यासारखं.

मग अर्धांगाचा झटका आला. शुद्धीवर आली ती फारसीच बोलत. मराठीचा एक शब्द तोंडातून निघेना. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. स्टेशनजवळच्या इराणी हॉटेलातल्या शेठना मी अक्षरशः ओढत आणलं. बिचारे रडवेले झाले. "ताई, आमच्या आजोबांना यायची. आपला जन्म इथलाच." पुण्याचे सर केव्हाच वारलेले. अलका माझा हात घट्ट धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती. पाणी दिलं, उशी दिली, आईचा फोटो पुढे धरला. नाही, नाही, मान हलवायची आणि रडायची. काय करणार होते मी? जन्मभर साऱ्या गावाला इराण समजावून सांगणारी बाई, आणि तिचं एक वाक्य समजायला गावात कुणी नाही! सरांच्या एका विद्यार्थ्याचा नंबर शोधून काढला, त्याच सकाळी ती गेली.

वहिनीने तिचा रेडिओ मला दिलाय. काटा तिने लावला होता तिथेच आहे. संध्याकाळी काळा चहा करते, खडीसाखर दातात धरते, बातम्या लावते. अक्षर कळत नाही मेलं. तरी शेवटपर्यंत ऐकते. मग रेडिओ बंद करते आणि थोडा वेळ गप्प बसते. तिची सांगायची वेळ असायची ना ती.