काजांपाशी अडलेले अकरा कपडे

अर्डिस क्वाम्मेच्या जिन्याखालच्या कपाटात अकरा कागदी पिशव्या होत्या. वाणसामानाच्याच, तोंड दोनदा दुमडून वर कपड्यांचा चिमटा लावलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘निळा झगा’, ‘तपकिरी जाकीट’, ‘चौकड्यांचा ब्लाउज, मोठी कॉलर’. प्रत्येकीत एकेक कपडा, जवळजवळ पुरा झालेला. कॉलर लागलेली, बाह्या बसवलेल्या, अस्तर शिवलेलं. बटणंसुद्धा मोजून छोट्या डबीत ठेवलेली. नव्हती ती फक्त काजं. सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं, आणि तेही सहा वर्षं.

त्याआधी एकतीस वर्षं असं कधी झालं नव्हतं, कारण काजं इनेझ ब्रेक्के करायची. चर्चपलीकडच्या पिवळ्या घरातली इनेझ दर गुरुवारी दुपारी यायची. कॉफी, परसातल्या आंबट रुबार्बच्या वड्या, आणि शिवण. अर्डिसनं बाही बसवली की मुंढ्यावर एक चुणी दिसायची नाही, आणि इनेझचं हातानं केलेलं काज उलटं पाहिलं काय नि सुलटं पाहिलं काय, सारखंच. इनेझला बाही जमत नसे, अर्डिसला काज. म्हणून इनेझच्या कपड्यांच्या बाह्या अर्डिस बसवायची आणि अर्डिसच्या कपड्यांची काजं इनेझ करायची. या दोघी मिळून एक शिंपी होतो, असं गावातल्या बायका म्हणत. चिडवत म्हणत, पण खोटं नव्हतं.

मग सहा वर्षांपूर्वी ऑगस्टच्या जत्रेत अर्डिसनं आपला करडा लोकरी कोट शिवणकामाच्या स्पर्धेत ठेवला. अर्जाच्या कार्डावर एक ओळ छापलेली होती, ‘हे संपूर्ण काम माझ्या हातचे आहे.’ अर्डिसनं खाली सही केली. असल्या ओळी कोण वाचतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण तिनं ती वाचली होती. कोटाला निळी रिबीन मिळाली, म्हणजे पहिला नंबर. परीक्षक बाईंनी कार्डावर लिहिलं, ‘बाह्या नीटस. काजं तर इतकी सुबक मी वीस वर्षांत पाहिली नाहीत.’ आणि ते कार्ड कोटाच्या छातीवरच टाचलं.

इनेझ लिंबू सरबताचा कप हातात घेऊन ते वाचत उभी होती. अर्डिस शेजारीच. एवढ्यात पाद्रीबाई, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या बायको मार्विस, आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “अर्डिस, काजं बघ गं ही! काय हात आहे तुझा!”

एका वाक्याचं काम होतं. अर्डिसनं इनेझकडे पाहिलं, आणि म्हणाली, “थँक्यू.”

इनेझनं सरबत संपवलं, कप कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि घरी गेली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

या गावात भांडण म्हणजे आरडाओरडा नसतो. इथली माणसं भांडली की हवापाण्यावर बोलतात. सहा वर्षं त्या दोघी रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला चर्चच्या तळघरात समोरासमोर यायच्या. “यंदा बर्फ फार पडलं.” “हो ना, फारच.” संपलं. करडा कोट कपाटात लटकत राहिला. अर्डिसनं तो एकदाही अंगात घातला नाही, आणि खिशातली रिबीनही बाहेर काढली नाही.

जानेवारीत तिनं दुकानातून झिपचं एक मऊ जाकीट आणलं. रविवारी तळघरात पाहते तो तेच जाकीट आणखी तिघींच्या अंगावर. घरी येताच तिनं ते काढून फेकलं आणि नवऱ्याला जाहीर करून टाकलं, की या वर्षी दुकानाचं चिंधूकही अंगाला लावणार नाही. अकराही पिशव्या पुऱ्या करणार.

“मग चापाची बटणं लाव ना,” ऑर्लिन म्हणाला. “माझ्या शर्टाला चापच आहेत. कुठं काय अडलंय?”

“तुझा शर्ट गोठ्यात घालायचा आहे, ऑर्लिन.”

“गाईंनी कधी तक्रार केली नाही बुवा.”

ती चिंध्यांवर काजं करायला बसली. महिनाभरात चौसष्ट केली. चौसष्टही उंदरानं कुरतडल्यासारखी. काजाचं दुखणं असं, की ते अगदी शेवटी कापायचं असतं, आणि तेही समोर, सगळ्यांना दिसेल असं. कात्री एक धागा पुढे गेली की सगळा कपडा फुकट. अर्डिस कात्री उचलायची आणि पुन्हा खाली ठेवायची. पिशव्या परत कपाटात जायच्या.

मार्चमध्ये एका सकाळी ऑर्लिन धान्याच्या कोठारावरून आला. गावातले म्हातारे तिथं कॉफीला जमतात आणि बायकांनाही माहीत नसलेल्या बातम्या घेऊन येतात.

“इनेझनं घर विकलं,” टोपी काढत तो म्हणाला. “ईस्टर झाला की मुलीकडे चालली. अॅरिझोनाला. कायमची.”

अर्डिसच्या हातातली इस्त्री होती तिथंच राहिली.

“किती दिवस आहेत?”

“तीन आठवडे म्हणे. अगं, इस्त्री! इस्त्री!”

चौकड्यांच्या ब्लाउजच्या पाठीवर तपकिरी डाग उठला होता. अर्डिसनं त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. तिनं करडा कोट काढला, हातावर टाकला आणि बूट चढवले.

“आणि पिशव्या?” ऑर्लिननं विचारलं. “आता जातेच आहेस तर...”

“पिशव्या नेल्या तर काम करून घ्यायला गेले असं होईल.”

ऑर्लिननं दार उघडून धरलं.

पिवळ्या घरात सगळीकडे पुठ्ठ्याची खोकी होती. इनेझनं तिला पाहिलं, मग कोटाकडे पाहिलं.

“रस्त्यात चिखल असेल,” इनेझ म्हणाली.

“आहे थोडा. बर्फ वितळतंय.”

“लवकर वितळलं यंदा.”

“हो.” अर्डिस बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “इनेझ, काजं तुझी होती. मी ओळ वाचून सही केली होती. आणि मार्विससमोर गप्प बसले.”

इनेझ खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“सहा वर्षं लागली तुला?”

“लागली.”

“रिबिनीचा राग नव्हता गं मला. रिबीन काय करायचीय? तू माझ्याकडे बघितलंस आणि मग थँक्यू म्हणालीस. बघून म्हणालीस.”

“बघून म्हणाले,” अर्डिस म्हणाली, आणि तिला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, आणि एवढी वर्षं हे घर ओलांडून पुढं जाताना जे दाबून ठेवलं होतं त्याचंही आलं. इनेझनं तिला थोपटलं वगैरे नाही. आतल्या खोलीत गेली आणि धुण्याची एक टोपली घेऊन आली, ती तिच्या पायाशी आदळली.

टोपलीत सात कपडे होते. सातही बिनबाह्यांचे. बाह्या टाचण्यांनी शेजारी टाचलेल्या.

“सहा हिवाळे वरून स्वेटर घालून हिंडतेय मी,” इनेझ म्हणाली. “एकदा ठरवलं, हिच्यावाचून काय अडलंय, आपण बसवू. तो बघ, हिरवा.”

अर्डिसनं नाक ओढत हिरवा झगा उचलला. बाह्या उलटसुलट करून पाहिल्या. शिवणाऱ्या बाईला दुःखातही चूक दिसल्यावाचून राहत नाही.

“इनेझ, या दोन्ही डाव्या आहेत.”

“माहीत आहे मला! तुझ्या नावानं बोटं मोडत कापल्या ना.”

आधी इनेझ हसली, मग दोघी हसल्या, खोक्यावर टेकून पोट धरून हसल्या. मग इनेझनं कोट हातात घेतला, वरच्या काजावरून अंगठा फिरवला. “आधी हा घाल. माझी काजं सहा वर्षं अंधारात लटकवलीस. आणि उद्या पिशव्या आण. किती आहेत?”

“अकरा.”

“अकरा! बाई गं.”

इनेझचा अंगठा आता आखडत असे. दिवसाला एका काजाच्या वर होत नसे. तीन आठवड्यांत चारच पिशव्या रिकाम्या झाल्या. उरलेल्या सात पिशव्यांसाठी तिनं अर्डिसला समोर बसवून शिकवलं, आणि चुकलं की सरळ उसवायला लावलं. इनेझच्या सातही कपड्यांना बाह्या मात्र बसल्या. हिरव्याची उजवी बाही उरलेल्या तुकड्यातून जोड देऊन काढली. अॅरिझोनाच्या उन्हात बाह्या कुणाला हव्यात, असं ऑर्लिननं एकदा विचारलं. दोघींनी त्याला गोठ्यात पाठवलं.

ईस्टरच्या सकाळी थंडी होती. अर्डिस करडा कोट घालून चर्चच्या तळघरात उतरली. मार्विसबाईंनी लांबूनच ओळखला.

“हाच ना तो बक्षिसाचा? अजूनही काजं काय सुरेख दिसतात गं तुझी!”

भोवती आठ-दहा बायका होत्या. कॉफीचा कप घेऊन इनेझ पलीकडे उभी होती, हिरव्या झग्यात, स्वेटर न घालता. अर्डिसनं याही वेळी आधी तिच्याकडे पाहिलं.

“काजं इनेझची आहेत,” ती म्हणाली. “तेव्हाही तिचीच होती. मी बोलले नाही, आणि बक्षीस घेऊन बसले.”

मार्विसबाईंना हवापाण्याचं बोलणंही सुचेना. इनेझचा कप रिकामा झाला होता. तो तिनं टाकला नाही. अर्डिसजवळ येऊन उभी राहिली, आणि आणखी कॉफीसाठी तो तिच्यापुढं केला.